पतंगाचे बारा महिने

रात्रीचा वर्ग भरला होता. श्रावण सरत आला होता. बाहेर पावसाची झड लागली होती. वीज गेली, म्हणून आम्ही कंदील पेटवला आणि सगळे जण कंदिलाभोवती सरकून बसलो. एक आजी पाटीवर आपले नाव काढत होत्या. तेवढ्यात एक पाखरू आले, कंदिलाच्या काचेवर धडकले आणि आजींच्या पाटीवर पडले.

आजींनी ते चिमटीत धरून उजेडात पाहिले. म्हणाल्या, "हे पिवळं हाय. पंखावर काळा ठिपका हाय. आवणीच्या आधी येत व्हतं ते मातकट व्हतं. हे निराळं."

आम्ही हसलो. पाखरू झटकून टाकले आणि पुढचा धडा घेतला.

दीड महिना गेला. अश्विन लागला. आजींच्या खाचरात भात निसवले. लांबून शेत छान दिसत होते. जवळ गेलो, तर मधून मधून पांढऱ्या लोंब्या ताठ उभ्या. भरलेली लोंबी वाकते. ह्या वाकल्या नव्हत्या, कारण त्यांत दाणाच नव्हता. आपल्याकडे ह्याला पळींज म्हणतात. आजींच्या मुलाने उधारीवर औषधाची बाटली आणली आणि पांढऱ्या लोंब्यांवर फवारली. लोंब्या पांढऱ्याच राहिल्या. बाटलीचे पैसे मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन फेडावे लागले.

चूक कोणाची? आम्ही म्हणतो, पहिली चूक आमची. आजींनी वर्दी दिली होती. आम्ही ती पाटीवरून झटकून टाकली. म्हणून हा धडा लिहिला आहे.

अळीची आई

शेतात अळी पडली की आपण म्हणतो, "रोग आला." कोणी म्हणतो ढगातून पडली. कोणी म्हणतो मातीतून उपजली. कोणी म्हणतो नजर लागली. पण अळीलाही आई असते, आणि ती आई म्हणजे दिव्यावर येणारा पतंग.

पतंगाची मादी रात्री उडते आणि पिकावर अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. अळी खाते आणि वाढते. अंगापेक्षा कातडे तोकडे झाले की साप कात टाकतो तशी तीही कात टाकते. पुरती वाढली की खाणे सोडते आणि कोष होते. कोष म्हणजे खारकेच्या बीसारखी बंद डबी. ती हलत नाही, खात नाही. काही दिवसांनी डबी फुटते आणि आतून पतंग बाहेर येतो. असे हे चाक फिरत राहते.

ह्या चौघांत पिकाला खाते ती फक्त अळी. पतंग फार तर फुलातला मध चाखतो. त्यामुळे आपले लक्ष अळीकडे जाते, पतंगाकडे जात नाही. अळी डोळ्यांना दिसू लागते तेव्हा ती बहुधा मोठी झालेली असते आणि खायचे ते खाऊन बसलेली असते. घर जळून गेल्यावर विहीर खणायला निघावे, तशी आपली गत होते.

सगळेच पतंग वैरी नव्हेत, हेही सांगून ठेवतो. ऐनाच्या झाडावर कधी सुपारीएवढा कडक कोष लोंबताना दिसतो. तो टसर रेशमाच्या पतंगाचा. भंडारा-गडचिरोलीकडे लोक तो जोपासतात आणि त्यावर पोट भरतात. दिसेल ते पाखरू मारायचे, असा आमचा सांगावा नाही. ओळख करून घ्यावी, एवढेच.

चंचीतल्या तंबाखूची गोष्ट

ही ओळख आपण तंबाखूपासून करू. आपल्या डोंगरात तंबाखूचे पीक नाही. पण चंची नाही असे घर किती? बसलो की हातावर तंबाखू, वर चुना, अंगठ्याने दोन घासे. हा तंबाखू येतो कोठून?

मराठी मुलखाच्या दक्षिण कडेला निपाणी नावाचे गाव आहे. ते बेळगाव जिल्ह्यात येते. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि तो भाग आज कर्नाटकात आहे. पण तिथे मराठी बोलणारी माणसे खूप आहेत. निपाणीचा विडीचा तंबाखू प्रसिद्ध आहे. शेजारच्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतही तंबाखू होतो.

तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे जहर असते. माणसाला त्याची तलफ लागते. मुळात झाडाने ते माणसासाठी केलेले नाही. किड्यांनी पान खाऊ नये म्हणून झाडाने केलेला तो बंदोबस्त आहे. पूर्वी लोक तंबाखू पाण्यात उकळून त्याचे पाणी मावा किडीवर शिंपडत आणि मावा मरे. गुरेही तंबाखूच्या शेतात तोंड घालत नाहीत.

आणि तरीही एक अळी हे पान खुशाल खाते! तिच्या पोटात ते जहर मोडून टाकण्याची सोय आहे. तिचे नावच पडले आहे, तंबाखूची पाने खाणारी अळी. (माणसाच्या पोटात आणि तोंडात अशी सोय नाही. तोंडाच्या कॅन्सरचे दवाखाने तेच सांगतात. पण तो धडा निराळा.)

हिचा पतंग मातकट असतो. पुढच्या पंखांवर पांढऱ्या नागमोडी रेघा असतात. मागचे पंख पांढरे. मादी पानाच्या खालच्या बाजूला एका ठिकाणी दोनशे-तीनशे अंडी घालते आणि त्यांवर आपल्या अंगावरची भुरकट लव पांघरते. लांबून पाहिले तर पानाला कापसाची घाण चिकटली आहे असे वाटते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर थव्याने राहतात आणि पानातला हिरवा गर तेवढा खरवडून खातात. पानाची जाळी होते. पुढे त्या पांगतात. मोठी झालेली अळी दिवसा मातीत, ढेकळाखाली, पाल्यापाचोळ्यात दडते आणि रात्री वर येऊन खाते. म्हणून दिवसा शेतकरी म्हणतो, "पाने गेली, पण खाणारा दिसत नाही." दोन-तीन आठवड्यांनी ती जमिनीत शिरून कोष होते. अंड्यापासून पतंगापर्यंत सारा खेळ सुमारे महिना-सव्वा महिन्याचा. थंडीत तो लांबतो.

आता थोडा हिशेब करू. पाटी घ्या. समजा, एका जागी २०० अंडी आहेत. समजा, त्यांतली निम्मी मेली. उरल्या १००. त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे ५०. एकेक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते. आपण हजारच धरू. ५० गुणिले १००० म्हणजे किती? पन्नास हजार. आणि हे केवढ्या काळात? महिना-सव्वा महिन्यात. पहिल्या दिवशी ते एक पान तोडून पायाखाली चिरडले असते तर हा गुणाकार करावाच लागला नसता.

निपाणीकडे पावसाच्या तोंडाला तंबाखूचे रोप टाकतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ते शेतात लावतात आणि थंडी सरता सरता पीक काढतात. ह्या सहा-आठ महिन्यांत पिकावर येणारे पतंग बदलत जातात. रोप कोवळे असते तेव्हा भीती ह्या पाने खाणाऱ्या अळीची. रात्रीत वाफ्यात टक्कल पडते. लावणीनंतर एक बारीक पतंग येतो. त्याची अळी पानाच्या शिरेतून खोडात शिरते. खोडाला तिथे गाठ येते आणि झाड खुजे राहते. पुढे थंडीत झाडाला कळ्या आणि बोंडे येतात, तेव्हा तिसरी अळी येते. तीच आपल्या हरभऱ्यातली घाटे अळी. विडीच्या तंबाखूचा शेंडा शेतकरी खुडून टाकतात, म्हणजे पान जाड होते. त्यामुळे हिचा त्रास मुख्यतः बियाण्यासाठी राखलेल्या झाडांना.

पीक तेच, शेत तेच, पण रोपाला एक, खोडाला दुसरी, बोंडाला तिसरी. असे का? कारण प्रत्येक अळीचा घास निराळा आहे. पिकाचा जो भाग ज्या महिन्यात कोवळा, तो खाणारीचा पतंग त्या महिन्यात येतो. वर हवेचाही हात असतो. मुसळधार पावसात बारीक अळ्या धुऊन जातात आणि पाणी साचले तर जमिनीतले कोष कुजतात. पाऊस पडून मध्येच दहा-पंधरा दिवसांची उघडीप पडली, की त्या माजतात. कडक थंडीत त्यांची वाढ मंदावते. उन्हाळ्यात शेतात हिरवे नसते, तेव्हा जे कोष जमिनीत आणि ज्या अळ्या धसकटांत दडून टिकतात, त्याच पुढच्या वर्षीचे बियाणे.

१९४७ मध्ये आंध्रात राजमहेंद्रीला तंबाखूवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था निघाली. तंबाखूच्या रोपवाटिकेत निंबोळीच्या पाण्याची फवारणी उपयोगी पडते, हे तिथल्या जाणकारांनी दाखवून दिले. दुसरी युक्ती तर फुकटची आहे. वाफ्याच्या कडेने एरंड लावायचा. ह्या पतंगाला तंबाखूपेक्षा एरंडाचे रुंद पान जास्त आवडते. मादी तिथे जाऊन अंडी घालते. शेतकऱ्याने रोज सकाळी एरंडाची पाने उलटून पाहायची आणि लव पांघरलेला पुंजका किंवा जाळी पडलेले पान दिसले की तोडून नष्ट करायचे. पाने मात्र पाहिली पाहिजेत. एरंड लावला आणि पाहिलाच नाही, तर आपण पतंगासाठी पाळणाघर बांधले असे होईल.

तंबाखू नसला तरी

तुम्ही विचाराल, "आमच्याकडे तंबाखू नाही, मग ह्या अळीशी आमचे काय?"

नाव तंबाखूचे, पण तिला शंभरावर झाडे चालतात. एरंड, भुईमूग, उडीद, मिरची, कोबी, टोमॅटो. परसातल्या अळूच्या पानावरही ती सापडते. २००८ च्या पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला, त्यात हीच अळी पुढे होती. शेतेच्या शेते चाळणीसारखी झाली. तंबाखू तिथेही नव्हता.

त्यानंतर सरकारला एक गोष्ट पटली. अळी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी शेतावर नजर ठेवावी. २००९ पासून महाराष्ट्रात किडींच्या पाहणीची योजना सुरू झाली. ठरलेल्या शेतांत जाऊन पतंग, अंडी आणि अळ्या मोजायच्या, आकडे लिहायचे आणि आकडा वाढला की शेतकऱ्यांना सावध करायचे. नीट पाहिले तर आमच्या आजी कंदिलापाशी हेच करत होत्या. फक्त त्यांचे कोणी लिहून घेतले नाही.

खोडाळ्याचे वर्ष

आता आपल्या गावात येऊ. आपले पीक म्हणजे खाचरात भात, वरकस डोंगरउतारावर नागली आणि वरई, कडेने उडीद, तूर, खुरासणी. पाऊस गेल्यावर ओल असेल तिथे हरभरा, वाल आणि थोडी भाजी. ह्या प्रत्येकाचा पतंग आहे आणि प्रत्येकाची वेळ आहे.

जेठात पहिला पाऊस पडतो. राब भाजलेल्या जागी भाताचे रोप उगवते. मध्येच पाऊस ओढ देतो. अशा वेळी मातकट पतंगांची गर्दी होते. ही लष्करी अळीची आई, तंबाखूच्या अळीची मावसबहीण म्हणा. तिच्या अळ्या पलटणीसारख्या एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. संध्याकाळी हिरवे असलेले रोप सकाळी बोडके. रोपात पाणी भरता येत असेल तर भरा. अळ्या बुडू नये म्हणून पात्यांवर चढतात आणि बगळे, साळुंक्या, कोंबड्या ताव मारतात. दोघांनी दोर धरून रोपावरून ओढला तर उरलेल्या पाण्यात पडतात. पाण्याची सोय नसेल तर रोपाभोवती खोल चर खणा. पलटण चरात पडते.

आषाढात आवणी. रोपाच्या मुठी बांधताना पात्यांचे शेंडे पाहा. पिवळ्या पतंगाची मादी शेंड्याजवळ पन्नास-ऐंशी अंड्यांचा पुंजका घालते आणि वर लव पांघरते. मूठ बांधली की शेंडे चार बोटे कापून टाका आणि ते शेतात न टाकता पुरा. ह्याला पैसा लागत नाही, विळा लागतो. आवणीच्या घाईत बाया म्हणतात, "एवढा वेळ कुठला?" त्यांचे खरे आहे. चिखलात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या बाईला आणखी एक काम सांगणे आम्हालाही जड जाते. म्हणून मुठी पोचवणाऱ्या पुरुषांनी हे काम आपल्याकडे घ्यावे.

ह्या पिवळ्या पतंगावर थोडे थांबू, कारण आपल्या भाताचा मोठा वैरी हाच. ह्याला खोडकिडा म्हणतात. मादीच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. आजींनी पाहिला तोच. आठवड्याभरात अंडी फुटतात. बारीक अळी पात्यावर चालते, सुताच्या धाग्याने लोंबकळून शेजारच्या चुडावर जाते आणि खोडाला भोक पाडून आत शिरते. एकदा आत शिरली की तिला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि वरून मारलेले पुष्कळसे औषधही लागत नाही.

भात लहान असताना ती शिरली तर मधला पोंगा सुकतो. ओढला की सुळकन हातात येतो आणि बुडाला कुरतडलेले दिसते. अशा वेळी भाताला नवे फुटवे येतात, थोडी भरपाई होते. पण पोटरीच्या वेळी शिरली तर लोंबीचा देठच तोडते. दाणा भरत नाही. तीच पळींज. पळींज दिसली म्हणजे खेळ संपलेला असतो. तेव्हा फवारलेले औषध मेलेल्याच्या तोंडात घातलेल्या पाण्यासारखे.

मग वेळ कोणती? श्रावण-भाद्रपदात पिवळे पतंग दिव्यावर येऊ लागले की दुसऱ्या दिवशी शेतात जा. चार-पाच जागी चूड पाहा. सुकलेला पोंगा दिसला की उपटून बाहेर काढा, अळी त्याच्यासोबत येते. पतंग नुकते दिसत असतील तर ट्रायकोकार्ड मिळते का, हे कृषी सहायकाला विचारा. हा पुठ्ठ्याचा तुकडा असतो. त्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीचे किडे वाढवलेले असतात. ते पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालतात आणि अळी जन्मण्याआधीच संपते. पण अंडी फुटून गेल्यावर हा पुठ्ठा कामाचा नाही. शंभर फुटव्यांत पाचाहून जास्त पोंगे सुकलेले आढळले, तर मात्र कृषी सहायकाला बोलावून औषधाचा विचार करावा.

नागलीत असाच एक खोडकिडा आहे. त्याची अळी गुलाबी असते आणि पतंग वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा. ही मादी अंडी उघड्यावर घालत नाही. खोडाला जिथे पान चिकटलेले असते, त्या फटीत लपवते. त्यामुळे अंडी वेचता येत नाहीत. सुकलेले पोंगे उपटणे एवढेच आपल्या हाती राहते.

अश्विनात हळवे भात पिकते. शेतकऱ्याला वाटते, आता काय, दोन दिवसांत कापू. नेमक्या ह्याच वेळी दुसरी लष्करी अळी येते. ही पाती खाऊन थांबत नाही. रात्री वर चढून लोंब्याच कुरतडते. सकाळी चुडाच्या बुडाशी लोंब्यांचा सडा. दिवसा पाहाल तर अळी नाही. चूड फाकवून मुळाशी पाहा, तिथे गुंडाळून बसलेली असते. भात तयार झाले की कापणी लांबवू नका, हाच तिच्यावरचा मोठा उपाय. कापलेले भात शेतात दिवसच्या दिवस पसरून ठेवू नका. कणसरी माता उंबऱ्याशी आली असताना तिला एक रात्रही बाहेर उभी का करावी?

दिवाळीनंतर पुष्कळ घरे ओस पडतात. माणसे भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि धसकटे. खोडकिड्याची अळी त्या धसकटांत झोपते. पुढच्या वर्षीचे संकट आपल्याच शेतात मुक्कामाला असते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी आणि ओल आहे तोवर जमेल तेवढे नांगरून धसकटे वेचावीत. नांगराच्या मागे बगळे चालतात, ते उगीच नाही. जमिनीतले कोष आणि अळ्या ते टिपतात. घरात कर्ती माणसेच नसतील तर नांगर कोणी धरायचा, हा प्रश्न आम्हालाही पडतो. जाण्याआधी निदान सर्वांत जास्त पळींज पडलेले एक खाचर तरी नांगरून जावे.

पौषात हरभऱ्याला फुले आणि घाटे येतात. ढगाळ हवा पडली की घाटे अळी वाढते. हिची मादी पुंजका घालत नाही. एकेक अंडे निरनिराळ्या कळीवर ठेवते, जसा कोणी एकेक दाणा टोकावा. अळी अर्धी घाट्यात आणि अर्धी बाहेर राहून खाते. एक अळी तीस-चाळीस घाटे नासवते. शेतात जागोजाग काठ्या रोवा. वर आडवी काटकी बांधा. कोतवाल आणि साळुंकी तिथे बसतात आणि अळ्या वेचतात. हीच अळी तुरीच्या शेंगेत आणि टोमॅटोतही असते.

होळी झाली. शेतात काही उरले नाही. पण पतंग गेला का? कणगीत पाहा. भाताच्या वरच्या थरात बारीक पिवळसर पतंग उडताना दिसतील. त्यांची अळी दाण्याच्या आत राहते आणि दाण्याला गोल भोक पाडून पतंग बाहेर येतो. दाणा दिसतो भरलेला, पण असतो पोकळ. भात कणगीत भरण्याआधी दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवावे आणि कणगी शेणाने नीट लिंपून बंद करावी. नागलीला ही कीड जवळजवळ शिवत नाही. दाणा इतका बारीक की अळीला आत घर करता येत नाही. जुनी माणसे नागली वर्षानुवर्षे साठवत, ती उगीच नव्हे.

आता ह्यात एक नवा पाहुणा आला आहे. अमेरिकेतली एक लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली आणि २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी पांढरी खूण असते आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. मका तिला फार प्रिय. दारात मक्याची चार झाडे असतील तर पोंग्यात भुसा पडलेला दिसतो का, तेवढे पाहत जा.

दिवा, निंबोळी आणि बाटली

पतंग पाहायला फार सामान लागत नाही. संध्याकाळी सात ते दहा शेताच्या कडेला कंदील किंवा दिवा टांगा. खाली घमेल्यात पाणी ठेवून त्यात थोडे रॉकेल किंवा साबण टाका. पतंग दिव्यावर येतात आणि पाण्यात पडतात. सकाळी मोजा. पण एका दिव्याने गावची कीड संपत नाही, हे आधीच सांगतो. दिवा वर्दी देतो. रात्रभर तो जळत ठेवू नका. आपल्या उपयोगाचे किडेही त्यात मरतात.

बाजारात कामगंध सापळेही मिळतात. त्यात मादीच्या वासाची गोळी असते आणि नर फसून आत येतो. एका गोळीला एकाच जातीचे नर येतात. त्यामुळे घेताना कोणत्या अळीचा सापळा हवा, ते नाव घेऊन मागा. भाताच्या खोडकिड्याचा सापळा हरभऱ्यात लावला तर रिकामाच राहील.

निंबोळीचे पाणी घरी होते. अर्धा किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा, थोडा साबण घाला आणि एकूण दहा लिटर पाणी करून संध्याकाळी फवारा. आपल्या पावसाळी डोंगरात कडुनिंब कमी. बाजाराला जाणाऱ्याने उन्हाळ्यात निंबोळ्या आणून ठेवाव्यात. बारीक अळीवर हे चालते. बोटाएवढ्या अळीवर चालत नाही.

एखादे वेळी झाडाच्या शेंड्याला काळी पडलेली अळी डोके खाली करून लोंबताना दिसते. तिला अळ्यांचा साथीचा रोग झालेला असतो. ह्या रोगाचे विषाणू वाढवून त्यांचेही औषध करतात. ते ठरलेल्या जातीच्या अळीलाच लागते. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याने काही होत नाही.

राहिली बाटली. वेळ आली तर औषध वापरावे लागते, आम्ही नाही म्हणत नाही. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन विसाच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते आपल्यासारखेच हातावर पोट असलेले लोक होते. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. आता तुम्हाला अक्षर ओळखता येते. दुकानात उभे राहूनच बाटलीवरचे वाचा. कोणत्या पिकासाठी, किती पाण्यात किती. वाचता आले नाही तर दुकानदाराकडून वाचून घ्या. "सगळ्याला चालतंय, टाका जास्त" असे तो म्हणाला तर बाटली परत ठेवा. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, तोंडाला फडके बांधा, उघड्या हाताने मिसळू नका आणि फवारता फवारता तंबाखू मळू नका. हाताचे जहर तंबाखूबरोबर तोंडात जाते. रिकामी बाटली पाण्याला किंवा तेलाला वापरू नका.

भिंतीवरचा कागद

यंदा आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. त्यावर बारा महिन्यांची बारा घरे आखली आहेत. रात्री दिव्यावर जो पतंग येईल त्याचा रंग, ठिपका आणि संख्या त्या महिन्याच्या घरात लिहायची. ज्याने पाहिला त्यानेच लिहायचे. काना-मात्रा चुकली तरी चालेल.

पहिले घर आजींनी भरले. खडूने बोटे पांढरी झाली होती. अक्षरे ओळीच्या वरखाली गेली, पण सगळ्यांना वाचता आली: "जेठ. मातकट. सात."

श्रावणाचे घर अजून रिकामे आहे. आजी रोज कंदिलाजवळच बसतात.